लाल रकान्यातले अकरा

रात्री आठला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा, घेतली तेव्हा वॉर्डात ४१ पेशंट होते. खाटा ३६, म्हणजे पाच जण गादी टाकून खाली. आम्ही दोघी सिस्टर, मदतनीस म्हणून एक मावशी, आणि मामा दोन वॉर्डांत मिळून एक. त्याच आठवड्यात एक नवा छापील कागद सुरू झाला होता, रुग्ण वर्गवारीचा. प्रत्येक पेशंटपुढे नऊ गोष्टींना गुण द्यायचे: स्वतः जेवतो का, कुशीवर वळता येतं का, सलाईन चालू आहे का, ऑक्सिजन लागतो का, शुद्ध कशी आहे, असं. मग बेरीज करून त्याला हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रकान्यात टाकायचं; लाल म्हणजे सर्वांत जास्त सेवा लागणारा. मी तो कागद मन लावून भरला. इंजेक्शनं, बीपी, एका ॲडमिशनची धावपळ यांतून सवड काढत तो पुरा व्हायला दीड वाजला. लाल रकान्यात अकरा नावं आली.

सकाळी कागद मेट्रन ऑफिसला, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांकडे, गेला. त्या रात्री पुन्हा आम्ही दोघीच. तिसऱ्या रात्रीही दोघीच. आठवड्याने निरोप आला, तोही तोंडी, की लाल एवढे दाखवू नका, तपासणीला माणसं यायची आहेत. त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या वॉर्डातले जवळजवळ सगळे पेशंट पिवळे झाले. बसून कोणी ठरवलं नव्हतं. पेन आपोआप मधल्या रकान्याकडे जायला लागलं. तीन महिन्यांनी कागद छापून येणं बंद झालं आणि बैठकीत शेरा मिळाला: सिस्टर लोकांना नवीन काही नकोच असतं.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. सांगली-मिरजेत काय किंवा दुसरीकडे काय, ज्यांनी वॉर्डात वर्षं काढली आहेत त्यांना हा प्रसंग आपल्याच इथला वाटेल. मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. (सरकारी कागदावर अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी उतरंड असते; पेशंटच्या तोंडी आम्ही सगळ्या सिस्टर.) तो शेरा तेव्हा गिळला, पण पचला नाही. म्हणून इतक्या वर्षांनी हे लिहिते आहे. माझं म्हणणं सरळ आहे. पेशंटची वर्गवारी व्हायला हवी, तिच्यावाचून आपली रुग्णालयं नीट चालणार नाहीत. पण बेरीज अमुक आकड्याच्या वर गेली की वॉर्डाला काय मिळणार, हे आधी लेखी ठरलेलं नसेल तर तो कागद भरायला सिस्टरांनी नकार द्यावा. त्या नकाराला नावीन्याचा विरोध म्हणणं चूक आहे.

आमच्या पिढीने काय काय नवीन घेतलं ते जरा आठवून बघा. मी नोकरीला लागले तेव्हा काचेच्या सिरिंजा उकळून वापरत होतो. सुयांची टोकं दगडावर घासून धार लावणाऱ्या सीनिअर सिस्टर मी पाहिल्या आहेत. लघवीतली साखर बघायला परीक्षानळीत बेनेडिक्टचं द्रावण घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. त्या रंगावर इन्सुलिन ठरायचं. पुढे ग्लुकोमीटर आला. एका थेंबात आकडा दिसायला लागला आणि बेनेडिक्टच्या बाटल्या कपाटात मागे गेल्या. डिस्पोजेबल सिरिंज आली, कॅन्युला आली, डिजिटल थर्मामीटर आला. बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर आलं तेव्हा कित्येक मुलींनी ते पदरच्या पैशाने घेऊन ॲप्रनच्या खिशात ठेवलं. यातल्या एकाही गोष्टीसाठी आमची समजूत घालावी लागली नाही.

एव्हरेट रॉजर्स हा अमेरिकन अभ्यासक शेतकऱ्यांपासून सुरुवात करून या प्रश्नाकडे आला होता: नवी गोष्ट माणसं कशी स्वीकारतात? १९६२ साली त्याने जे मांडलं ते थोडक्यात असं. जुन्यापेक्षा फायदा दिसला पाहिजे, आपल्या कामाच्या रीतीत ती बसली पाहिजे, फार किचकट नसली पाहिजे, थोडी करून बघता आली पाहिजे आणि तिचा परिणाम डोळ्यांना दिसला पाहिजे. आमच्या भागात हे समजायला पुस्तक लागत नाही. तासगावकडचा द्राक्षबागायतदार नवी छाटणी किंवा नवं औषध आधी दोन ओळींवर करून बघतो. शेजाऱ्याच्या बागेत घड कसे भरले ते बांधावर उभं राहून बघतो, आणि मगच पुढच्या वर्षी सगळ्या बागेला हात घालतो. तास-ए-गणेश ही वाण याच तालुक्यात पुढे आली. त्या माणसाला कोणी नव्याचा शत्रू म्हणत नाही. सिस्टरही याच कसोट्या लावते. ऑक्सिमीटर पाचही कसोट्यांना उतरलं. वर्गवारीचा कागद पहिल्याच कसोटीला पडला, कारण तो तिचा वेळ घेत होता आणि बदल्यात तिला काहीच देत नव्हता.

वेळ म्हणजे किती, तेही मांडते. रात्रीची ड्युटी आठ ते आठ, बारा तास. दोघींचे मिळून २४ तास, म्हणजे १४४० मिनिटं. ४१ पेशंटना वाटली तर दर माणशी ३५ मिनिटं, आणि तीही आम्ही पाणी न पिता, एकही फोन न घेता काम केलं असं धरून. आता एका पेशंटचा कागद भरायला तीन मिनिटं धरा. ४१ पेशंटना दोन तास. दुसरीकडे, ज्याला स्वतःला वळता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने जखम, होतो. त्याला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात. म्हणजे बारा तासांत एका पेशंटमागे सिस्टरांचा एक तास. त्या रात्री असे सहा जण होते. त्यांना वळवायचेच सहा तास, आणि वर कागदाचे दोन. तेव्हा कागद पुरा झाला असेल तर कोणाची तरी कूस बदलायची राहिली असणार, आणि सगळ्यांच्या कुशी बदलल्या असतील तर कागद अंदाजे भरलेला असणार. दोन्ही खरं असणं त्या मनुष्यबळात शक्यच नव्हतं.

एवढं असूनही वर्गवारी हवी असं मी का म्हणते?

कारण आज सिस्टरांची संख्या खाटा मोजून ठरते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डसाठी तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांसाठी पाच खाटांमागे एक असा आहे. तो निकष आणि आमच्या त्या दोघी यांतलं अंतर मांडत बसत नाही, ते दिसतंच आहे. पण तो निकष पूर्ण पाळला तरी त्याला सगळ्या खाटा सारख्याच दिसतात. हर्नियाचं ऑपरेशन होऊन उद्या घरी जाणारा तरुण आणि डोक्याला मार लागून बेशुद्ध असलेला, नाकातून नळीने पातळ अन्न द्यावं लागणारा माणूस, दोघांचीही मोजणी एक खाट अशीच. १९६० च्या आसपास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रॉबर्ट कॉनर यांनी वॉर्डात नर्सचं काम प्रत्यक्ष मोजलं. त्यांना दिसलं की काम पेशंटच्या संख्येवर फारसं अवलंबून नसतं. परावलंबी पेशंट किती आहेत यावर ते ठरतं. त्यांच्या हिशोबात स्वतःचं स्वतः करणाऱ्या पेशंटला दिवसाला थेट सेवेचा अर्धा तास लागत होता, थोडी मदत लागणाऱ्याला एक तास आणि पूर्ण परावलंबी असलेल्याला अडीच तास.

हा हिशोब आपल्या वॉर्डाला लावून बघा. ३० पेशंट आहेत. एका दिवशी त्यांतले २० हिंडते-फिरते, ७ थोड्या मदतीचे, ३ पूर्ण परावलंबी. बेरीज साडेचोवीस तास. दुसऱ्या दिवशीही ३० च आहेत, पण ८, १० आणि १२ असे. बेरीज ४४ तास. सेन्ससच्या वहीत दोन्ही दिवस ३०. ड्युटी लिस्टवर दोन्ही दिवस तेवढीच नावं. दुसऱ्या दिवसाची सिस्टर रात्री घरी जाऊन पाय धरून बसते आणि तिला स्वतःलाही सांगता येत नाही की आज एवढं काय झालं. तिच्या दमण्याला आकडा मिळाला पाहिजे. दमणुकीपुरताच हा प्रश्न नाही. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एका नर्सकडे सरासरीने एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव सात टक्क्यांनी वाढलेला त्यांना दिसला.

दुसरं कारण मला जड जातं सांगायला.

वर्गवारी आम्ही नेहमीच करतो, फक्त डोक्यात. ओव्हर घेताना पहिली फेरी मारली की सिस्टरच्या मनात यादी तयार होते: दोन नंबर आणि नऊ नंबर बघत राहायचे, चौदाचं ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) बघायचं, बाकीचे ठीक. या नजरेचा आम्हाला अभिमान असतो आणि तो खोटा नाही. पण जत तालुक्यातला एक शेतकरी मी विसरणार नाही. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. खिडकीकडची शेवटची खाट. फार सोसणारा माणूस. दोनदा विचारलं तर दोनदा म्हणाला, "बरं हाय ताई." शेजारचा पेशंट ओरडत होता, त्याची बायको दर दहा मिनिटांनी टेबलाशी येत होती, त्यामुळे आमचे पाय तिकडेच. पहाटे चारच्या सुमारास औषध द्यायला गेले तेव्हा या माणसाचा श्वास मिनिटाला ३४ होता आणि हात गार पडले होते. डॉक्टरांना उठवलं, तासाभरात त्याला आयसीयूत हलवलं, आणि पुढे पुष्कळ दिवसांनी तो घरी गेला. त्या रात्रीचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीचा कागद, मी नंतर काढून पाहिला. दहा वाजताच्या नोंदीत श्वसनाच्या रकान्यात माझ्या अक्षरात २० लिहिलेलं होतं. त्याच्या वरच्या पेशंटलाही २०. खालच्यालाही २०. मी मोजलं नव्हतं.

जिने वॉर्डात काम केलंय तिला हा २० चा आकडा माहीत आहे. पूर्ण मिनिट घड्याळ हातात धरून ४१ छात्या बघायला वेळ नसतो, म्हणून तो आकडा सवयीने पडतो. माझी चूक माझी आहे, ती मी मनुष्यबळावर ढकलत नाही. पण त्या रात्रीने मला शिकवलं की मनातल्या यादीत ओरडणारा वर जातो आणि सोसणारा खाली जातो. त्याच्यासाठी कागद हवा. २०१२ साली ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पेशंट ढासळतोय हे वेळेत कळावं म्हणून एक गुणपद्धत देशभरासाठी दिली. श्वास, ऑक्सिजनची पातळी, तापमान, रक्तदाब, नाडी, शुद्ध, आणि वरून ऑक्सिजन चालू आहे का, यांना गुण. बेरीज पाच झाली की डॉक्टरने तातडीने येऊन बघायचं. सात किंवा जास्त झाली की आपत्कालीन धावपळ. तो आकडा आला की कोणीतरी हलतंच, कारण कोणी हलायचं हे आधीच ठरलेलं आहे.

आमच्या कागदाला नेमकं हेच नव्हतं. अकरा लाल झाले तर कोण हलणार?

कोविडमध्ये उलटा अनुभव घेतला. २०२० च्या मार्चमध्ये इस्लामपूरचे पेशंट आले आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं, तेव्हापासून जिल्ह्यात सगळीकडे ऑक्सिजनच्या पातळीवर पेशंटची वर्गवारी सुरू झाली. कोणत्याही सिस्टरने त्याला नाही म्हटलं नाही. पीपीई किटमध्ये घामाने डोळे चुरचुरत असताना मुली ते रकाने अचूक भरत होत्या. कारण लाल म्हटलं की पेशंट हलायचा, ऑक्सिजनची खाट शोधली जायची, वरिष्ठ डॉक्टर फोनवर यायचे. खाटा कमी पडल्या तेव्हाही निदान शोधाशोध व्हायची. जे हात लिहीत होते त्यांना लिहिल्याचा उपयोग त्याच पाळीत दिसत होता. वर्गवारीला विरोध करणारी जात असती आमची, तर तेव्हाच केला असता.

फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात राफाएला नावाची एक पद्धत तयार झाली. तिच्याबद्दल वाचताना मला वाटलं, हे कोणीतरी वॉर्डात बसून लिहिलंय. तिच्यात तीन भाग आहेत. पहिला, पेशंटची गरज: सेवेची सहा क्षेत्रं, प्रत्येकाला एक ते चार गुण, म्हणजे कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त २४. दुसरा, त्या दिवशी प्रत्यक्ष हजर असलेल्या नर्स किती. तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. काही आठवडे रोज प्रत्येक नर्सला विचारतात की आजचा दिवस कामाच्या दृष्टीने कसा गेला, आणि ती उणे तीन ते अधिक तीन या मापावर उत्तर देते. दिवस ठीक गेला असं नर्सच म्हणतात तेव्हा एका नर्समागे किती गुणांचे पेशंट होते, यावरून त्या वॉर्डाची योग्य पातळी ठरते, आणि तिच्या पंधरा टक्के वर-खाली चालतं. त्याहून वर गेलं की वॉर्डावर ताण आहे, हे सिस्टरच्या तक्रारीवाचून कागदच सांगतो. म्हणजे तिचं मत या मोजमापाच्या पोटात आहे. आपल्याकडे सिस्टरला मत विचारलं जातं ते प्रशिक्षणाच्या शेवटी फीडबॅक फॉर्मवर, चहा-बिस्किटं वाटून झाल्यावर.

मग तोच फॉर्म मराठीत छापून आणावा का? मुळीच नको. आपल्या वॉर्डातलं काम वेगळं आहे आणि त्यातलं बरंचसं कोणत्याही परदेशी फॉर्मात मावत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट नातेवाइकाची. आपल्याकडे पेशंटला भरवणं, पुसणं, लघवीचं भांडं देणं, वळायला मदत करणं, औषध आणायला धावणं, हे सगळं त्याच्या उशाशी बसलेली बायको, आई किंवा भाऊ करतो. ते आहेत म्हणून दोघी सिस्टर ४१ पेशंट निभावतात. ही गोष्ट चांगली की वाईट हा वाद वेगळा, पण ती खरी आहे. मग ज्याच्याजवळ कोणीच नाही तो पेशंट, मिरज जंक्शनवर सापडलेला म्हातारा किंवा ऊसतोडीच्या टोळीतला माणूस ज्याची टोळी पुढच्या फडात गेली, तो आजाराच्या मानाने हिरवा असला तरी सिस्टरच्या कामाच्या मानाने लाल असतो. फॉर्ममध्ये या गोष्टीला गुण नसतील तर तो फॉर्म इथे खोटं बोलणार.

दुसरी गोष्ट भाषेची. १८९४ साली विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे तेव्हापासून उत्तर कर्नाटकातला पेशंट मिरजेला येतो. अथणी, कागवाड, विजापूर, जमखंडी. आजीबाईला मराठीचा शब्द येत नाही. ऑपरेशनच्या आधी काही खाल्लंय का, हे विचारायला कन्नड येणारी मावशी शोधावी लागते. मीही तोडकंमोडकं शिकले: "नोवु एल्लि?" दुखतंय कुठे, एवढं. जिथे मराठी पेशंटची माहिती पाच मिनिटांत होते तिथे या पेशंटला पंधरा लागतात, आणि घाई केली तर चूक होते. याला गुण कुठे आहेत?

तिसरी गोष्ट कागदांची. इंडेंट (औषधं-सामानाची मागणी), चादरींची मोजदाद, धोब्याची वही, स्टॉकची वही, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या फाइलसाठी चार्टच्या झेरॉक्स, तपासणी पथक यायचं म्हटलं की नवी रजिस्टरं. पेशंटच्या अंगाला हात न लावता जाणारे हे तास सिस्टरचेच असतात, पण ते कोणत्याच वर्गवारीत दिसत नाहीत.

आता प्रशासनाची बाजू. ती मी थोडी जवळून पाहिली आहे, म्हणून तिच्यातलं खरं तेही सांगते. सरकारी रुग्णालयात पदं मंजूर होतात ती आकृतिबंधाने, म्हणजे ठरवून दिलेल्या पदांच्या आराखड्याने, मुंबईतून. अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सक मनात आलं म्हणून दोन सिस्टर वाढवू शकत नाहीत. अकरा लाल आले तर मेट्रनने माणूस आणायचा कुठून? रजेवरच्या मुलीला फोन करायचा? हा प्रश्न खरा आहे. पण मेट्रनच्या हातात काहीच नाही हे मला मान्य नाही. लाल पेशंट ठरावीक संख्येच्या वर गेले की त्या पाळीत इंडेंट, चादरी आणि झेरॉक्स यांना सिस्टरने हात लावायचा नाही, ते लिपिक किंवा आरोग्यमित्र (जनआरोग्य योजनेचं काम बघणारा माणूस) बघतील, हे एका पत्राने होऊ शकतं. हलक्या वॉर्डातली एक सिस्टर चार तासांसाठी जड वॉर्डात द्यायची, हे होऊ शकतं. आजही होतं, फक्त ओळखीवर आणि आवाजाच्या पट्टीवर होतं. त्या वॉर्डाला त्या पाळीत नवी ॲडमिशन शेवटी द्यायची, हे होऊ शकतं. आणि महिन्याची बेरीज अधिष्ठात्यांच्या सहीने वर जाऊ शकते: मंजूर पदं एवढी, भरलेली एवढी, पेशंटच्या गरजेने लागणारी एवढी. रिक्त पदांसाठी आम्ही वर्षानुवर्षं काळ्या फिती लावतो, निवेदनं देतो, आझाद मैदानावर बसतो. त्या निवेदनांच्या मागे रोजच्या नोंदींचा ढीग असता तर त्यांना बाजूला सारणं इतकं सोपं गेलं नसतं.

कोणी म्हणेल, असं केलं तर सिस्टर माणूस मिळावा म्हणून सगळ्यांनाच लाल करतील. करतीलही काही जणी. त्याला उपाय आहे. राफाएला वापरणाऱ्या रुग्णालयांत तेच पेशंट दोन नर्स एकमेकींना न विचारता वेगवेगळे मोजतात आणि निदान सत्तर टक्के जुळलं पाहिजे असा दंडक असतो. आपल्या इथेही महिन्यातून एकदा शेजारच्या वॉर्डातल्या इनचार्जने येऊन दहा पेशंट मोजून जावेत. वाढवून लिहिण्याची भीती बाळगणाऱ्यांना कमी करून लिहिण्याची भीती का वाटत नाही, हे मला कळत नाही. मी तर कमी करून लिहिलेलंच पाहिलं आहे, आणि ते वरून आलेल्या निरोपाने.

कॅलिफोर्नियाचा दाखलाही इथे बघण्यासारखा आहे. तिथे १९९९ साली कायदा झाला आणि २००४ पासून नर्समागे जास्तीत जास्त किती पेशंट याची मर्यादा लागू झाली. सर्वसाधारण मेडिकल-सर्जिकल वॉर्डात २००५ पासून एका नर्समागे पाच. पण मर्यादा घातली म्हणून त्यांनी वर्गवारी सोडली नाही. मर्यादा हा तळ धरला, आणि पेशंट जास्त आजारी असले तर त्याच्या वर आणखी माणूस देण्यासाठी वर्गवारी ठेवली. आपल्याकडे प्रमाण मागणाऱ्या संघटना आणि वर्गवारी आणू पाहणारे व्यवस्थापन समोरासमोर उभे राहतात. प्रमाणाशिवाय वर्गवारी आली तर ती आहे त्या दोघींत काम कसं वाटायचं एवढंच सांगेल. ते आम्हाला आधीपासून येतं.

खासगी नर्सिंग होमबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. सांगलीत आणि मिरजेत दवाखान्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. तिथे गणवेश घातलेली प्रत्येक मुलगी नर्सिंग शिकलेली असते असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या नर्सना किमान २० हजार रुपये पगार सुचवला होता. तिथल्या कितीतरी मुलींच्या हातात आजही त्याच्या निम्मे पडतात. तिथे वर्गवारीच्या आधी नोंदणी असलेली सिस्टर पाहिजे.

शासनाने किंवा कुठल्याही संस्थेने उद्या नवी पद्धत आणली तर माझी मागणी अशी राहील की ती आधी एका मेडिकल आणि एका सर्जिकल वॉर्डात तीन महिने चालवावी. फॉर्म कसा असावा ते रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरांनी ठरवावं, मेट्रनने नंतर बघावं. एका पेशंटला एका मिनिटापेक्षा जास्त लागता कामा नये. टीपीआर चार्टवर आधीच लिहिलेली गोष्ट पुन्हा लिहायला लावू नये. आणि पहिल्या पानाच्या वरच, रकान्यांच्या आधी, हे छापलेलं असावं: लाल पेशंट इतके झाले तर अमुक पदावरची व्यक्ती अमुक तासांत अमुक करील. ते छापायची तयारी नसेल तर फॉर्म छापू नये.

निवृत्तीनंतर मी एका नर्सिंग कॉलेजात अधूनमधून शिकवायला जाते. मागच्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलींना घेऊन वॉर्डात गेले होते. प्रत्येकीला दहा खाटा दिल्या आणि एका पानावर वर्गवारी करायला सांगितली. बहुतेकींनी भराभर बेरजा केल्या. आटपाडीकडची एक मुलगी मात्र सहा नंबरशी बराच वेळ उभी होती. म्हातारा माणूस, मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशनची तारीख चार दिवसांनी. उशाशी प्लास्टिकची पिशवी, त्यात एक टॉवेल आणि स्टीलचा तांब्या. तांब्या रिकामा होता. तिने आधी तो भरून आणला. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, यांच्याजवळ कोणीच नाहीये. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

मी म्हटलं, रकाना नाहीये. तिने पट्टी मागितली, समासात उभी रेघ मारून एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, "सोबत". मग पहिल्या खाटेपासून पुन्हा सुरुवात केली.